हार घालायच्या आधीचा फोटो

शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही घरात जा. भिंतीवर पुरुषाचा मोठा फोटो दिसला, तर त्याला बहुतेक वेळा हार असतो. तो फोटो भिंतीसाठी काढलेलाही नसतो. सोसायटीच्या कर्जाला लागला म्हणून काढलेला असतो, नाहीतर कंपनीच्या ओळखपत्रासाठी, आणि हल्ली बऱ्याचदा आधार कार्डावरचाच. माणूस गेला की दहाव्याच्या आत मुलगा किंवा पुतण्या तो टिचभर फोटो घेऊन स्टुडिओत येतो. म्हणतो, "काकी, मोठा करून द्या. मागे निळं करा आणि शर्टावर कोट चढवा." मी करून देते. डोळे वटारलेले, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यभर भात लावला, भजनात पखवाज बडवला, नातवंडांना खांद्यावर घेऊन म्हशाची जत्रा दाखवली, त्या माणसाचा घरात उरलेला चेहरा असा एखाद्या खिडकीपुढे रांगेत उभा असल्यासारखा.

मी मुरबाडला फोटो स्टुडिओ चालवते. माहेर शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीच्या बाजूचं. स्टुडिओ सासऱ्यांनी काढला, नवऱ्याने वाढवला. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे अल्बममध्ये फोटो चिकटवायचं काम होतं. मग टचिंग शिकले, मग कॅमेरा हातात घेतला. आता लग्नं, हळदी, बारसी, शाळेचे ग्रुप फोटो आणि पासपोर्ट साईज हे सगळं मीच बघते. इतकी वर्षं लेन्समधून माणसं बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे पुरुषाकडे मायेने, आवडीने, निवांत बघायची रीत नाही. ती पडायला हवी. आणि मला स्वतःला असं बघायला शिकवलं ते टीव्हीवरच्या आवडत्या नटांनी, हेही मी उघडपणे सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

२ ऑक्टोबर १९८८ रोजी, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी होता. ओटी भरून माणसं बसायची, उरलेली अंगणात. नितीश भारद्वाज कृष्ण होऊन आला तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. शिक्षणाने जनावरांचा डॉक्टर, आणि आपला मराठी मुलगा. म्हाताऱ्या बायका पडद्याला हात जोडायच्या. आम्ही शाळकरी मुलीही जोडायचो, कारण हात जोडले की टक लावून बघायला कुणी हरकत घेत नसे. देवाकडे बघतोय की त्या हसणाऱ्या डोळ्यांच्या तरुणाकडे, हे वेगळं करायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. मग मराठीत 'हॅलो इन्स्पेक्टर' लागायचं. त्यातले रमेश भाटकर आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींना आवडायचे. ते संगीतकार स्नेहल भाटकरांचे चिरंजीव, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त त्यांची चाल आणि मिशी माहीत होती.

आईच्या पिढीतही हे होतंच. फक्त बोलायला जागा नव्हती. माझं लग्न होऊन मूल झाल्यावर एकदा भाताचे दाणे वाळत घालताना आई म्हणाली की जत्रेतल्या तंबूत तिने 'हा खेळ सावल्यांचा' पाहिला होता आणि काशिनाथ घाणेकर तिच्या डोळ्यांपुढून कितीतरी दिवस हलला नव्हता. तो सिनेमा १९७६चा. म्हणजे ही गोष्ट तिने वीस वर्षांहून अधिक काळ कुणाजवळ काढली नव्हती. सांगताना ती पदर तोंडावर धरून हसली. त्या दुपारी मला आई प्रथमच माझ्या बरोबरीची वाटली.

माझ्या मनातला नट मात्र मिलिंद सोमण. १९९५मध्ये अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. त्या गाण्याच्या चित्रफितीत बाई सिंहासनावर बसलेली असते, देशोदेशीचे पुरुष तिच्यापुढून जातात, ती एकेकाला नाकारते, आणि शेवटी लाकडी पेटीतून तो बाहेर येतो. मी कल्याणला मामाकडे ते पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे मुलगी खाली मान घालून पोह्यांची बशी घेऊन जायची आणि बघण्याचं काम पाहुणे करायचे. इथे बाई बघत होती, निवडत होती, आणि बघून घ्यायला पुरुष समोर उभा होता. तोही दादरच्या शिवाजी पार्कात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर पोहलेला, सावळा, सोमण आडनावाचा. आमच्या गावच्या पोस्टमास्तरांचं आडनाव असावं असं आडनाव.

त्याच वर्षी त्याची आणि मधु सप्रेची बुटांची ती जाहिरात आली. अंगावर कपडे नाहीत, पायात बूट, गळ्यात अजगर. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांचा. पोलिसांत तक्रार झाली, खटला चालला आणि २००९मध्ये सगळे निर्दोष सुटले. चौदा वर्षं लागली. तो फोटो घरात लावावा असा आग्रह मी धरणार नाही. पण फोटोग्राफर म्हणून आज तो पाहते तेव्हा दिसतो तो काळ्या-पांढऱ्यातला उजेड आणि दोन देहांचा तोल. पुरुषाच्या पाठीवरही उजेड इतक्या अदबीने पडू शकतो, हे त्या काळात फार कमी लोकांनी दाखवलं होतं.

माझ्याजवळ मिलिंद सोमणचा वर्तमानपत्रातून कापलेला एक साधा फोटो होता, चेहऱ्याचा. लग्नात तो ट्रंकेत साड्यांच्या घडीत घालून मी सासरी आणला. तो नवऱ्याच्या हाती लागला, आणि त्या दिवशी मला माझा नवरा कळला. त्याने तो फोटो खिडकीजवळ नेला, तिरका करून पाहिला आणि म्हणाला, "बघ, लाईट डावीकडून आलाय. उजव्या गालावर सावली ठेवलीय, म्हणून जबडा उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला असता तर हा माणूस आपल्या बँकेच्या पासबुकातला झाला असता." माझा उजेडाचा पहिला धडा तो. ज्या चेहऱ्यावर जीव जडला होता त्या चेहऱ्यावरूनच मी सावली वाचायला शिकले. पुढे त्याने जपून ठेवलेले 'चंदेरी'चे जुने अंक काढून दिले. गौतम राजाध्यक्ष त्याचे संपादक. हे आधी रसायनशास्त्र शिकलेले, मग लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी केलेले, आणि नंतर सिनेमातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या चेहऱ्यांचे फोटो काढलेले. २०११मध्ये ते गेले. त्यांच्या फोटोत माणूस कॅमेऱ्याला घाबरलेला दिसत नाही. समोरच्याने आपल्याला आवडीने पाहिलं आहे हे त्याला कळलेलं असतं, आणि ते चेहऱ्यावर उतरतं.

आता आमच्याकडच्या लग्नात काय होतं ते सांगते. नवरीसाठी मेकअपवाली येते, तीन तास लागतात, तिचे दागिन्यांचे, मेंदीचे, पापण्या खाली घातल्याचे, वर उचलल्याचे फोटो निघतात. ते निघालेच पाहिजेत. पण नवरदेव? त्याला फेटा बांधून स्टेजवर उभा करतात. फोटोग्राफर ओरडतो, "दादा, हसा." तो हसत नाही, दात दाखवतो. करिझ्मा अल्बम उघडून बघा, नवरीची पानंच्या पानं आणि नवरदेव तिच्या शेजारी नाहीतर गाडीच्या बॉनेटवर टेकून उभा. हळदीच्या रात्री मात्र तोच मुलगा वेगळा असतो. मावश्या, काक्या, बहिणी त्याच्या अंगाला हळद लावत असतात, कुणीतरी जुनं काहीतरी आठवून त्याला चिडवत असतं, तो खाली मान घालून खरंखुरं लाजत असतो. आमच्या भागात पुरुषाकडे सगळ्यांनी मिळून मायेने बघायचा तेवढा एकच दिवस ठरलेला आहे. तेव्हाच डीजेचे दिवे निळे-जांभळे फिरत असतात आणि फोटो फुकट जातो. म्हणून मी हळदीच्या घरी दुपारीच जाते. मांडवाच्या कडेला, जिथे उजेड आडवा येतो तिथे नवरदेवाला पाटावर बसवते आणि आत्याला सांगते, आता लावा हळद. सुरुवातीला बायका कुजबुजायच्या, "बाई काढणार का पोराचे फोटो, उघड्या अंगाचे?" आता त्याच बायका मला आधी सांगून ठेवतात.

नाक्यावरचे बॅनर हा आमच्या तालुक्याचा पुरुष मॉडेलिंगचा धंदा आहे असं मी म्हटलं तर वाचणाऱ्याने हसू नये. मी ते मनापासून म्हणते आहे. वाढदिवस आला की पोरं चौघं-पाचजण मिळून येतात. पांढराशुभ्र शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल, एक पाय पुढे, चालत येतोय असं दाखवायचं. वरच्या ओळीत नेते, खाली शुभेच्छुकांची नावं. यांच्यावर शहरातले लोक टीका करतात, वर्तमानपत्रांतही येते. बेकायदा बॅनर नकोतच, रस्त्यावरचं वळण झाकणारे तर मुळीच नकोत. पण त्या पोराचं मन मला कळतं. एमआयडीसीत कंत्राटी कामावर बारा तास उभा राहणारा मुलगा, वर्षातून एक दिवस आपला चेहरा मोठा व्हावा, येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून बघावं, असं त्याला वाटतं. यात वाईट काय आहे? मी त्याचा हवा तसा फोटो काढते. मग म्हणते, आता गॉगल काढ आणि एक माझ्यासाठी. तो एक फोटो बॅनरवर कधीच जात नाही. पण नंतर आई येते आणि प्रिंट तोच मागते.

लग्न जमवण्याच्या बाजूनेही चित्र पालटलं आहे. पूर्वी स्थळासाठी फोटो काढायचा तो मुलीचा. मागे राजवाड्याच्या जिन्याचा रंगवलेला पडदा, शेजारी प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, साडी आईची. तो फोटो पाकिटातून गावोगाव फिरायचा आणि कुणीही त्यावर बोलायचं. मुलाचा फोटो कुणी मागत नसे. घर, जमीन, नोकरी विचारली की झालं. आता शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत, हे दुःख आमच्या भागात घरोघर आहे. मुलीकडून निरोप येतो, "आधी फोटो पाठवा." मग आई मुलाला घेऊन येते. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोर, हातांना घट्टे पडलेले, गळ्याशी उन्हाने रेघ पडलेली, आणि कॅमेऱ्यापुढे आल्या आल्या पहिला प्रश्न, "हात कुठे ठेवू?" प्रत्येक पुरुष हाच प्रश्न विचारतो. मुलींना लहानपणापासून कुणीतरी बघत आलेलं असतं, त्यांना हातांचं काय करायचं ते माहीत झालेलं असतं. मुलांना कुणी बघितलेलंच नसतं. मुलीने आधी मुलाला बघावं, मनात भरला नाही तर नाही म्हणावं, हे मला न्यायाचं वाटतं. पण मग मुलाला नीट दाखवायची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी. मी त्याला स्टुडिओत उभा करत नाही. जमलं तर त्याच्या शेतावर जाते. हातात रोजच्या वापरातलं काहीतरी देते: विळा, ट्रॅक्टरची किल्ली, भजनी मंडळातला असेल तर पखवाज. हात आपोआप जागेवर बसतात, आणि हात बसले की चेहराही सैल होतो.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, आणि ती म्हणजे गोरं करणं. मुलगा सावळा असेल तर आई म्हणते, "थोडं उजळ करून द्या." आणि बहुतेक स्टुडिओ देतात. हात काळे, गाल गुलाबी. पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम २००५मध्ये बाजारात आलं आणि पुढे शाहरुख खानने त्याची जाहिरात केली, तेव्हापासून हे मागणं वाढलं. आमच्या तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी मुलं आहेत. भातशेतीत उन्हात वाढलेली कातडी आहे ती. ज्या सावळ्या विठ्ठलासाठी आमची माणसं आळंदीहून चालत पंढरपूर गाठतात, त्याच रंगाची लाज पोराच्या फोटोत का वाटावी? सावळ्या कातडीवर उजेड फार सुंदर बसतो, पण तो बाजूने यावा लागतो. समोरून फ्लॅश मारला तर चेहरा चमकतो आणि सपाट होतो. पांढरा कडक शर्ट असेल तर कॅमेरा शर्टाकडे बघून उजेड ठरवतो आणि चेहरा काळवंडतो. म्हणून चेहऱ्यावरून उजेड मोजायचा, एका बाजूला थर्माकोलची शीट धरायची, आणि निळ्या, मातकट, हिरव्या रंगाचा शर्ट घालायला सांगायचं. एवढं केलं की उजळ करायची गरज उरत नाही. मिलिंद सोमणला कुणी उजळ केलं असतं तर मला तो आवडला नसता.

अलीकडे पोर्टफोलिओ काढायला मुलं येतात. डोळखांबकडून, टोकावड्याकडून, वासिंदहून. काहींची उंची, खांदे, जबडा खरोखर कॅमेऱ्यासाठी घडवलेला असतो. 'जय मल्हार' २०१४मध्ये सुरू झालं आणि अलिबागचा देवदत्त नागे खंडोबा म्हणून घराघरांत गेला. पुढे तो 'तान्हाजी'त सूर्याजी झाला. मग 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणा आला, हार्दिक जोशीचा. अंगाने पैलवान आणि बायकोपुढे उभं राहायला लाजणारा. या दोघांनी आमच्या मुलांना सांगितलं की गावाकडचं शरीर, गावाकडची बोली टीव्हीवर चालते. व्यायामशाळा भरल्या. पण त्याबरोबर दुसरी माणसंही आली. फोनवर म्हणतात, तुझा चेहरा निवडला गेलाय, नोंदणीचे इतके, पोर्टफोलिओचे इतके, कार्डाचे इतके. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खरी एजन्सी तुमच्या कामाच्या पैशातून आपला वाटा घेते, काम द्यायच्या आधी तुमच्याकडे पैसे मागत नाही. सुरुवातीला त्यांना जाडजूड अल्बमही लागत नाही. साधा टी-शर्ट, मोकळी भिंत, दिवसाचा उजेड. एक समोरून, एक बाजूने, एक पायापासून डोक्यापर्यंत, एक हसताना. मेकअप नाही, टचिंग नाही, उंची खरी. हे फोटो गावातला मित्रही फोनवर काढू शकतो. आणि घरच्यांनी त्याला 'हिरो निघाला' म्हणून टोचू नये. आरशापुढे उभा राहणारा मुलगा वाया गेलेला नसतो.

तेल लावून, वरून कडक लाईट मारून फक्त पोटाच्या वड्या मोजायला लावणारे फोटो मला स्वतःला आवडत नाहीत. ज्याला हवे त्याला मी काढून देते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आमच्याकडे ती कुणी लिहीत नाही. नटांवर जीव जडतो तो फक्त मुलींचा नाही. काही मुलं फोनमध्ये एखाद्या नटाचा फोटो घेऊन येतात, प्रिंट आणि लॅमिनेशन मागतात, आणि न विचारता सांगतात, "बहिणीसाठी पाहिजे." मी प्रिंट देते, चांगल्या कागदावर देते आणि बहिणीचं नाव विचारत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सज्ञान माणसांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या गुन्ह्यातून काढून टाकले. कायद्याची भीती गेली, गावाची अजून गेलेली नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघून मला जे सुख मिळालं, ते त्या मुलालाही निर्धास्तपणे मिळावं, असं मला आई म्हणून वाटतं.

मला विचारतात, बायकांकडे बघून बघून पुरुषांनी जे केलं तेच आता पुरुषांच्या बाबतीत करायचं का? नाही. आसनगावच्या फलाटावर लोकलची वाट बघणाऱ्या मुलीला जी नजर खाली मान घालायला लावते, तिच्याशी या बघण्याचं काही नातं नाही. माझ्यापुढे जो उभा राहतो तो स्वतःहून उभा राहतो. त्याला नको असेल ते मी काढत नाही. काढलेलं आधी त्याला दाखवते आणि तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाकते. आणि लग्न झालेल्या बाईने नटाबद्दल असं लिहावं का, असं ज्यांना वाटेल त्यांना सांगते, ज्या बाईला एक चेहरा मनापासून बघता आला, तिला घरातलाही बघता येतो. २०२०च्या टाळेबंदीत, मार्चअखेरीस 'महाभारत' पुन्हा दाखवायला लागले. माझी मुलगी शेजारी बसून म्हणाली, "आई, तुला हा आवडायचा ना?" मी हो म्हटलं. नवरा तिथेच शेंगा सोलत बसला होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, चेहऱ्यावर लाईट चांगला टाकलाय.

त्याच टाळेबंदीत दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्याकडची कितीतरी माणसं पहाटे अंधारात निघतात. शहापूरची आसनगावहून लोकल धरतात, मुरबाडची कल्याणपर्यंत एसटीने जातात. रात्री ट्यूबलाईटच्या उजेडात जेवतात आणि झोपतात. त्या महिन्यांत बायका मला फोनवर सांगायच्या, ह्यांचे केस कधी पिकले ते मला कळलंच नाही. वर्षानुवर्षं ज्याचा डबा भरला त्या माणसाचा चेहरा त्यांनी सकाळच्या उन्हात सलग बघितलेला नव्हता.

सासरे त्यानंतर गेले. त्यांनी तालुक्यातल्या दोन पिढ्यांचे फोटो काढले. म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला तंबू लावायचे, पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर बसवून पोरांचे, नवीन घोंगडी खांद्यावर टाकलेल्या म्हाताऱ्यांचे, बैलजोडी विकत घेतलेल्या शेतकऱ्यांचे बैलांसकट फोटो काढायचे. ते गेल्यावर आम्ही कपाटं उचकली. निगेटिव्हचे डबे भरभरून होते आणि त्यांचा एकही धड फोटो नव्हता. कायम कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. ते काम मीच केलं, आणि ते करताना त्यांच्या कपाळावरचा लहानपणचा व्रण मला पहिल्यांदा नीट दिसला. तेव्हापासून माझ्या स्टुडिओत नियम आहे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाचा नियमाप्रमाणे एक काढून झाला की त्याला उठू द्यायचं नाही. खुर्ची खिडकीकडे वळवायची, पांढरा पडदा बाजूला करायचा, आणि दुसरा काढायचा. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

घरच्या घरीही हे होतं. ज्यांच्या घरी वडील, नवरा, भाऊ, मुलगा आहे त्यांनी या रविवारी करून बघावं. भर दुपारी नको, सकाळी आठच्या सुमारास किंवा उन्हं कलल्यावर. त्याला अंगणात उभा करू नका, ओटीवर दाराच्या आत दोन पावलं बसवा, म्हणजे उजेड एका बाजूने येईल. ट्यूबलाईट बंद करा. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि जवळ जाऊन चेहरा वाकडा करण्यापेक्षा चार पावलं मागे येऊन थोडं झूम करा. लेन्स आधी पदराने पुसा. 'हसा' म्हणू नका. त्याला काहीतरी विचारा: यंदा झोडणी कधी काढायची, पहिल्या पगारातून काय आणलं होतं, शाळेत असताना कुठली नटी आवडायची. तो उत्तर शोधायला लागला की काढा, आणि एक काढून थांबू नका. मग त्यातला एक निवडून प्रिंट काढा, कारण फोन बिघडला की त्यातलं सगळं जातं. आठ बाय दहाचा प्रिंट शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही स्टुडिओत होतो. माझ्याकडेच यायला हवं असं नाही. फक्त उजळ करायला सांगू नका.